आकीच्या भारंभार गूळ

चारचौघांत एखाद्या लेकराला "किती गं जाड झालीस" म्हणणाऱ्या माणसाला मी आता उत्तर दिल्याशिवाय सोडत नाही. पूर्वी सोडायचे. पाहुणा आहे, वयानं मोठा आहे, जाऊ द्या. आता नाही. नात्यातले लोक मला तोंडाळ म्हणायला लागलेत, म्हणोत बापडे. सकाळी पूजा आटोपली की वहीत चार ओळी लिहायची माझी सवय. त्या ओळींत देवापेक्षा आकीच जास्त येते, आणि आकी आली की पाठोपाठ माझा राग येतो. म्हणून तो एकदा ओळीनं लिहून काढायचं ठरवलं.

आकी म्हणजे आकांक्षा. माझे धाकटे दीर कल्याण आणि जाऊ प्रिया यांची एकुलती एक. वडीगोद्रीला हायवेच्या कडेलाच आमचं घर. पुढच्या अंगाला कल्याणभाऊजींचं मोटार वाइंडिंगचं दुकान, मागे आम्ही सगळे राहतो. सासूबाईंना, म्हणजे नंदाबाईंना, आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणतो. माझी मुलं पुण्याला असतात, त्यामुळं या घरातलं लेकरू म्हणजे आकीच. मला ती मोठी आई म्हणते.

पोर शेवग्याच्या शेंगेसारखी होती, लांब आणि सडसडीत. दिवसभर दुकानात. जळालेली मोटार उघडली की नाक खुपसून वास घ्यायची आणि सांगायची, "पप्पा, ही पार गेली." बहुतेक वेळा ती गेलेलीच असायची. कल्याणभाऊजी गिऱ्हाईकाला म्हणायचे, "आमच्या इंजिनेराला विचारा." नऊ वर्षांची इंजिनेर.

मग ते कोरोनाचं साल आलं. शाळा बंद झाली, मोबाईल हातात आला, बाहेर पाय टाकायचा नाही. पहिलं साल तसं निभावलं. दुसऱ्या सालच्या उन्हाळ्यात कल्याणभाऊजी आणि प्रिया दोघंही पॉझिटिव्ह निघाले. प्रियाला साधं होतं, भाऊजींना ऑक्सिजन लावायची वेळ आली. दोघं जालन्याला दवाखान्यात आणि आकी वरच्या खोलीत एकटी. ताट दाराशी ठेवायचं आणि मागं सरकायचं, असं आम्हाला सांगितलेलं होतं. पोर दार उघडायची, ताट ओढून घ्यायची, परत दार लावायची. ती रडायला लागली की आत्याबाई खालून मला ओरडून सांगायच्या, "दैवशाला, पोरीला काही तरी खायला नेऊन दे. तोंडात घास असला की रडू येत न्हाई." फुटाणे, चिवडा, बिस्किटं, शेव. जो येईल तो पुडा देऊन जायचा. लेकराला जवळ घेता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी पुडे दिले.

त्याच दिवसांत एकदा जालन्याहून फोन आला की भाऊजींचं काही खरं नाही. आत्याबाईंनी देवघरात जमिनीला डोकं टेकलं आणि राजूरच्या गणपतीला नवस बोलल्या, "माझ्या पोराला चालत घरी आण. नातीच्या भारंभार गूळ वाटीन." आमच्याकडे असा नवस पुष्कळ घरांत बोलतात. तराजूच्या एका पारड्यात लेकरू बसवायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढवायच्या, पारडी सारखी झाली की तो गूळ प्रसाद म्हणून वाटायचा. लेकरांनाही गंमत वाटते, झोका मिळतो. आत्याबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी लिहून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्यावर चिडणारच आहे.

देवानं ऐकलं. भाऊजी घरी आले, अर्धे होऊन, पण चालत आले. आणि आकी जिना उतरून खाली आली, ती गोल होऊन. गाल, दंड, पोट, सगळं वेगळं. फ्रॉकची चेन लागत नव्हती, मागून ओढणी घेतली होती. भाऊजींना भेटायला घनसावंगीहून नणंदेचे यजमान तातेराव आलेले. पोह्याची बशी हातात. आकीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आयला! बाप तिकडं मरणाच्या दारात, अन् पोरगी इकडं खाऊन खाऊन टरबूज झाली की!"

सगळे हसले. भाऊजीसुद्धा, खोकत खोकत. आकी पण हसली. मला तिचं ते हसू आठवलं की अजून हात शिवशिवतात. तातेरावांनी तेवढ्यात दुसरी बशी मागितली.

त्या दिवसापासून पोर कुणासमोर जेवेना. आणि कुणी नसलं की थांबेना. पावसाळ्यात मी खारोड्यांचा डबा उघडला तर तळ दिसला. बाजरीच्या खारोड्या उन्हाळ्यात वाळवून आम्ही वर्षभर पुरवतो, कच्च्या असताना दगडासारख्या कडक असतात. आत्याबाई म्हणाल्या, "उंदरं झालीत घरात." मला उंदीर ठाऊक होता. मी आकीला गच्चीवर गाठलं.

"मोठी आई, म्याच खाल्ल्या. कच्च्याच."

"काहून गं? भूक लागल्ती तर मला मागायचं."

"भूक न्हाई लागत. त्या कडक असत्यात ना. चावल्या की कानात लई आवाज होतो. मंग रस्त्यावरून गाडी गेलेली ऐकूच येत न्हाई."

"कोणची गाडी?"

"सायरनवाली. पप्पाला नेल्ती ती."

आमच्या घरापुढून जाते ती मोठी सडक. त्या उन्हाळ्यात रात्रंदिवस सायरन वाजत गेलेत. आम्ही मोठी माणसं हात जोडायचो, नाव घ्यायचो. वर बंद खोलीत हे लेकरू फुटाणे चावत बसलेलं होतं, आणि जग त्याला खादाड म्हणत होतं. मी घरात सगळ्यांना हे सांगितलं. प्रिया रडली. भाऊजी म्हणाले, "होईल कमी, वाढतं वय हाये." आत्याबाई म्हणाल्या, "पोरींना नाटकं सुचत्यात." झालं. विषय संपला.

शाळा उघडली तर तिथं वेगळंच. पोरांनी नाव पाडलं, सिलिंडर. दुसऱ्या लाटेत सिलिंडर हा शब्द आमच्या घरात किती जड होता, आणि तोच शब्द पोरीच्या पाठीला चिकटला. ती घरी येऊन डाव्या भुवईचे केस उपटायची. भुवई अर्धी राहिली. बापाचा जुना स्वेटर अंगावर चढवला तो भर उन्हात उतरवेना. दुकानात पाय ठेवणं बंद. गिऱ्हाईकं विचारायची, "इंजिनेर कुठं गेला?" आणि भाऊजी सांगायचे, "अभ्यास हाये."

दिवाळीनंतर तिनं उपास धरले. आधी चतुर्थी, मग सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार. आत्याबाईंच्या आनंदाला पार नाही. येईल त्या बाईला सांगायच्या, "माझी नात लई देवाची. बापासाठी करून राह्यली." बायका आकीच्या पाया पडायच्या बाकी राहिल्या होत्या. पोर वाळायला लागली, तर त्याचंही कौतुक: बघा, देवानं रूप दिलं.

मी लग्न होऊन आल्यापासून उपास करते. उपासाचं माणूस फराळाच्या वेळेला स्वयंपाकघरात दोन चकरा मारतं, भगर शिजली का विचारतं, दाण्याच्या आमटीला वास येतो म्हणतं. आकी चकरा मारत नव्हती. तिची भगर मला गाईच्या टोपल्यात सापडायला लागली. मी प्रियाला दाखवलं. प्रिया टोपल्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, पण कमी होऊन राह्यली ना." तिच्या बोलण्यात सुटका ऐकू आली आणि मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तिला माहेरीसुद्धा हेच ऐकावं लागत होतं, पोरीला काय चारती म्हणून. कुणाकुणाला हलवणार?

देवळं उघडून बरेच महिने झाले होते. भाऊजींना ताकद येईपर्यंत नवस लांबला होता. आत्याबाईंनी चैत्रातली अंगारकी धरली. तातेरावांना फोन गेला, तराजू आणायचं काम त्यांच्याकडे. ते कापसाच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहेत, तिथला मोठा लोंबता तराजू मागून आणणार होते. फोन स्पीकरवर होता. "नवस बोलले तवा तीन ढेपांची पोरगी होती, आत्या. आता गुळाला ट्रॅक्टरच लावा!" आत्याबाई हसून हसून पदरानं डोळे पुसत होत्या. आकी पलीकडे भांडी लावत होती.

अंगारकीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी भाऊजी जेवायला आत आले आणि मी दुकानातून चहाचे कप उचलायला गेले. शटर अर्धं खाली होतं. जळालेली तांब्याची तार जोखायचा काटा आहे तिथं, जमिनीवरचा. त्याच्यावर आकी उभी. स्वेटर काढून ठेवलेला, चपला काढलेल्या, कानातले काढून मुठीत धरलेले, केसांची क्लिपसुद्धा काढलेली. डोळे मिटून उभी होती. आकडा बघायची हिंमत होत नव्हती.

"आकी."

ती दचकली नाही. तेवढी ताकदच नव्हती. म्हणाली, "मोठी आई, तुम्ही बघा ना. तीन ढेपा झाल्या का?"

मी आकडा बघितला नाही. तिला खाली उतरवलं. हात बर्फासारखे, ओठ फाटलेले. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "राजूरला लई लोकं असत्यात. शाळंतली बी येतील. तातेरावमामा वर एक एक ढेप ठेवतील अन् मोजतील. मला खाली उतरताबी येणार न्हाई." मग म्हणाली, "पप्पा मरायला टेकल्ते तवा मी खात होते. म्हणून देवानं मला जोखायचं ठरवलं असल."

अकरा वर्षांची पोर. हे असलं तिच्या डोक्यात कुणी घातलं? आम्ही सगळ्यांनी, हसत हसत.

त्याच संध्याकाळी मी आत्याबाईंना म्हटलं, "आकीला तराजूत नका बसवू. गूळ तेवढा वाटू." त्यांनी माळ खाली ठेवली. "देवाला बोललेलं फिरवायचं? अन् उद्या माझ्या कल्याणला काही झालं तर तू भरून देती का?" मी स्वयंपाकघरात परत आले. देवाला भिणारी बाई आहे मी. बोललेला नवस अर्धवट ठेवायचा मलाही धीर होत नाही. तीन-चार दिवस मी देवापुढं बसले की मंत्र विसरायचे. एवढंच म्हणायचे, तुला पोरीचं वजन काय करायचंय रे?

अंगारकीच्या आदल्या दिवशी तातेराव तराजू घेऊन आले. दुकानात जड मोटारी उचलायची साखळी-पुली आहे, तिलाच तो टांगला. पारडी रस्त्यावरून दिसतील अशी. शेजारपाजारचे जमले, चहाच्या टपरीवरचे दोघं-तिघं आले. तातेरावांनी पारडं हातानं हलवून बघितलं आणि आत हाक मारली, "आकांक्षा मॅडम! या, ट्रायल घेऊ. साखळी तुटली तर इथंच तुटू द्या, राजूरला अब्रू नको जायला!"

आकी दारात आली होती. ती मागं फिरली, न्हाणीघरात गेली आणि कडी लावली. ओकल्याचा आवाज आला. पोटात काही नव्हतंच, नुसता आवाज.

"लाजली!" तातेराव म्हणाले.

मग मी पदर खोचला. भर दुकानात, परक्या बाप्यांसमोर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता.

"दाजी, तुमचं तोंड आता बंद करा. बिलकुल बंद. पोरगी दिवाळीपासून धड जेवत न्हाई, भगर गाईला घालती. का माहीत का? तुमच्या ह्या पारड्याच्या भीतीनं. तुम्ही टरबूज म्हणले, ट्रॅक्टर म्हणले. तुमचं हसणं झालं अन् तुम्ही घरी गेलात. ती इथंच राहती, त्या शब्दांबरोबर."

"अवो वहिनी, गंमत केली मी..."

"गंमत करायला घरात बायको हाये ना, तिच्या पोटाची करा."

टपरीवरचे हळूच सरकले. आत्याबाई बाहेर आल्या. "दैवशाला, नवसाच्या कामात अपशकुन करू नको."

"आत्याबाई, रोज सकाळी आपण दोघी ज्याच्या पाया पडतो त्याला लंबोदर म्हणून हाक मारतो. हात जोडून म्हणतो, हसत न्हाई. अन् त्याच्याच दारात पोरीच्या पोटाचा तमाशा करायचा? त्याला चालल ते?"

"मी नात बोलले होते," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता, पण हट्ट तोच. "भारंभार बोलले होते."

"भारंभार गूळ द्यायचाच. कमी न्हाई, जास्त देऊ. जीव कुणाचा वाचला? कल्याणभाऊजींचा. मंग त्यांना बसवा पारड्यात. पोरीपेक्षा देवाला फायदाच हाये."

भाऊजी आतापर्यंत मान खाली घालून एका मोटारीचा नट फिरवत होते. ते उठले. "काहीतरीच वहिनी. मी बाप्या माणूस, पारड्यात पाय लोंबकळत बसू? सगळी वडीगोद्री हसल मला."

"हसतात ना? तुम्हाला माहीत हाये म्हणजे."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, प्रियाकडं बघितलं. प्रिया न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून कडी वाजवत होती. भाऊजी तिकडं गेले. "आकी, दार उघड बाळा. पप्पा हाये."

आतून ती म्हणाली, आणि हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं, "पप्पा, मला अजून थोडे दिवस द्या ना. मी कमी होईन. म्या करून राह्यले."

भाऊजींनी दाराला कपाळ लावलं. दवाखान्यातून आले त्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा असा नव्हता. मग ते म्हणाले, "तुला न्हाई बसायचं. मी बसतो. देवाला मी सांगतो." कडी लगेच उघडली नाही. ते तिथंच खाली बसून राहिले, ग्रीसचे हात घेऊन.

दुसऱ्या दिवशी राजूरला दर्शन झाल्यावर आवाराबाहेर एका झाडाला तराजू टांगला आणि कल्याणभाऊजी पारड्यात बसले. तंगड्या जमिनीला लागत होत्या, त्या पोटाशी घ्याव्या लागल्या. नेलेला गूळ पुरला नाही, बाजूच्या दुकानातून आणखी आणावा लागला, तोपर्यंत ते तसेच लोंबकळत. रांगेतल्या बायका थांबल्या. "अगं बाई, बाप्याला जोखून राह्यले!" कुणी तरी मोबाईल काढला. एक म्हातारा म्हणाला, "ह्याला लेकरू न्हाई वाटतं." भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तातेराव गुळाच्या ढेपा चढवत होते, तोंड मिटून.

आकी माझ्या मागे माझा पदर धरून उभी होती. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती बापाकडं बघतच नव्हती, हसणाऱ्यांकडं बघत होती, एकेकाकडं.

"मोठी आई, पप्पाला उतरवा ना जल्दी."

"गूळ बराबर झाला की उतरतील."

"त्यांना लई वाईट वाटत असल."

त्या गर्दीत तेवढं तिला एकटीला कळलं, आणि ते कळायला तिनं काय काय भोगलं होतं. मला देवाच्या दारात उभं राहून सगळ्या जगाचा राग आला. गूळ वाटताना मी त्या मोबाईलवाल्याला दिला नाही. प्रसाद नाकारू नये म्हणतात. मी नाकारला.

परत येताना जीपमध्ये भाऊजी म्हणाले, "सोमवारी आकीला जालन्याला नेतो. मनाच्या डॉक्टरकडं. प्रिया, तू बी चल." आत्याबाई म्हणाल्या, "पोरीला येडी ठरवता का? उद्या तिच्याशी लग्न कोण करील?" भाऊजींनी पहिल्यांदा आईला म्हटलं, "आई, गप बस." त्यावर आत्याबाई घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांना अजून भीती आहे की नवस चुकला. भाऊजी साधं शिंकले तरी माझ्याकडं बघतात. बघोत.

आकीनं प्रसादाचा खडा हातात घेतला होता. खाल्ला नाही, टाकलाही नाही. चिकट हात तिनं घरी येऊन धुतला.

आज सकाळी मी भाकरी करत होते. आकी आली, चुलीजवळच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली आणि म्हणाली, "अर्धी द्या." मी अर्धी दिली, वर दूध. मी पुढची भाकरी थापायला घेतली. तेवढ्यात आत्याबाई दाराशी आल्या, मान लांब करून विचारायला लागल्या, "खाती का? किती घेतली?"

मी परात तशीच सोडून उठले आणि पिठाच्या हातांनी चौकट दोन्ही बाजूंनी धरून दारात उभी राहिले.

"आत्याबाई, तुमचा चहा ओसरीवर आणून देते. इथं कुणी बघायला यायचं न्हाई."

त्यांना माझ्या खांद्यावरून आत बघायचं होतं. मी हलले नाही. पाठीमागं तव्यावरची भाकरी करपत होती. करपू दे म्हटलं.